रियुनियनचा हिरवा दगड ‘आपला’ आहे का?

नमस्कार. सगळ्यांनी तुमचे फोटो पाहिले असतीलच असं नाही, म्हणून प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्याचे. मॉरिशसच्या मराठी कुटुंबातल्या एका लग्नाला गेलात, तिथून दोन दिवस शेजारच्या रियुनियन बेटावर जाऊन आलात. सालाझीच्या खोऱ्यात ओढ्याच्या पात्रात तुम्हाला हिरवट, पांढऱ्या ठिपक्यांचा, कोपरा बोटांनी मोडेल इतका ठिसूळ दगड दिसला. ताम्हिणी घाटात रस्त्याच्या कापात असतो अगदी तसा. वाटाड्या म्हणाला, “तुमचा भारत आणि आमचं बेट एकाच ज्वालामुखीचं.” मग तुमचे प्रश्न असे: हा दगड आपल्या दख्खनचाच भाऊबंद का? इतका सडलाय म्हणजे तो आपल्या दगडापेक्षाही जुना असणार का? आणि हिरवा रंग तांब्याचा का?

उलट्या क्रमाने सांगतो. तांबं नाही. जुना तर अजिबात नाही, आपल्या खडकाच्या तुलनेत काल-परवाचा आहे. भाऊबंदकीचं मात्र असं की नातं बहुधा खरं आहे, पण तुम्ही ज्यावरून ते ओळखलंत त्यावरून ते सिद्ध होत नाही. तुम्हाला जे सारखं दिसलं ते पाण्याचं काम आहे, लाव्हाचं नव्हे. उत्तर लांबणार आहे ते या शेवटच्या वाक्यामुळे.

माझ्याविषयी एवढंच, की चाळीसेक वर्षं सह्याद्रीतला बेसॉल्ट बघण्यात गेली. धरणांचे पाये, बोगदे, बोअरमधून निघालेले कोअर, म्हणजे खडकाचे दंडगोल तुकडे. रियुनियनला एकदाच गेलोय, आठ दिवस, त्यातले तीन पावसात. त्यामुळे खाली जे सांगतो त्यात बेटाची ओळख कमी आणि असल्या खडकाची ओळख जास्त आहे.

सगळ्यात आधी एक शंका काढून टाकू, कारण फोटोवरून इथेच बहुतेक जण फसतात. दगड खरंच बदललेला आहे का? रियुनियनवर हिरवं आणि पांढरं दोन्ही अगदी ताज्या दगडातही असतं. तिथे ओशनाइट नावाचा एक बेसॉल्ट मिळतो. हे नाव फ्रेंच शिलाशास्त्रज्ञ आल्फ्रेड लाक्र्वा यांनी दिलं. त्यात ऑलिव्हीन या खनिजाचे इतके दाणे असतात की दगड हिरव्या मुगाची डाळ पेरल्यासारखा दिसतो. २००७च्या एप्रिलमध्ये पितों द ला फुर्नेझ या जागत्या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, लाव्हा समुद्रापर्यंत पोचला आणि शिखरावरचं विवर ३०० मीटरहून जास्त खचलं. त्या लाव्हातही हे दाणे भरपूर होते. तो दगड हिरवा आहे, पण बदललेला नाही. ओळखायचं कसं? ऑलिव्हीनचा दाणा बाटलीच्या काचेसारखा चमकतो, सुरीने ओरखडा उठत नाही. बदलातून आलेलं हिरवं निस्तेज असतं, नखाने किंवा सुरीच्या टोकाने खरवडलं की साबणासारखी भुकटी निघते आणि ओलं असताना बोटाला गुळगुळीत लागतं.

पांढऱ्याचंही तसंच. पितों दे नेज या बेटावरच्या थोरल्या, निजलेल्या ज्वालामुखीवर एक पांढऱ्या ठिपक्यांचा दगड मिळतो, त्याला स्थानिक लोक ‘रॉश पँताद’ म्हणतात, म्हणजे गिनी फाउल कोंबडीच्या पिसांसारखा दगड. ते ठिपके म्हणजे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक, लाव्हा पातळ असतानाच त्यात वाढलेले. आपल्याकडे नाशिक-कसाऱ्याच्या बाजूला आणि मंचर परिसरात असले हाताच्या बोटाएवढे स्फटिक असलेले थर आहेत, भूवैज्ञानिक त्यांना जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट म्हणतात. हे स्फटिक लांबट असतात, कडा सरळ, उन्हात दगड फिरवला की एखादी बाजू आरशासारखी लकाकते. तुमच्या दुसऱ्या फोटोत नाण्याशेजारी जे ठिपके आहेत ते गोल किंवा बदामाच्या आकाराचे आहेत, काहींच्या कडेला हिरवी रेघ आहे, आणि एका ठिपक्याच्या मध्ये पोकळी राहिली आहे. हे स्फटिक नव्हेत, हे भरलेले बुडबुडे आहेत. (नाणं ठेवून फोटो काढलात हे फार बरं केलंत. दहातले नऊ जण ठेवत नाहीत आणि मग मी खडा बघतोय की डोंगर हे कळत नाही.)

तेव्हा बदललेला खडक, हे मी मान्य करून पुढे जातो.

आता बदल म्हणजे काय ते. लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि झपाट्याने थिजतो. त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, आणि ज्या भागाला स्फटिक व्हायला वेळ मिळाला नाही तिथे काच राहते. काच आणि ऑलिव्हीन हे दोन्ही जमिनीच्या थंड, ओल्या वातावरणात परके. कोमट पाणी फटींतून फिरू लागलं की आधी हेच दोन विरघळतात. लोह आणि मॅग्नेशियम जवळच हिरव्या चिकणमातीच्या खनिजांत बसतात: सॅपोनाइट, सेलॅडोनाइट, आणि पाणी जास्त तापलेलं असेल तर क्लोराइट. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका पाण्याबरोबर थोडी पुढे जातात आणि बुडबुड्यांच्या रिकाम्या जागेत पांढरी खनिजं होऊन बसतात: झिओलाइट, कॅल्साइट, कधी गारगोटी. म्हणून भिंतीला आधी हिरवा लेप आणि आत पांढरं, असा क्रम दिसतो. भिंगाखाली एकेक बुडबुडा पाहिला तर ही सगळी गोष्ट बाहेरून आत वाचता येते.

झिओलाइट हा शब्द ग्रीक, अर्थ ‘उकळणारा दगड’. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली दिला, कारण ज्योतीत धरला की हा दगड फसफसतो. त्याच्या जाळीदार रचनेत पाणी असतं, ते बाहेर पडतं. आपल्याकडे बोरघाटात रेल्वेचं काम चालू असताना कापलेल्या खडकातून असले सुंदर स्फटिक निघाले आणि पुढे जळगाव, नाशिक, पुणे ही नावं जगभरच्या संग्रहालयांत खनिजांच्या चिठ्ठीवर गेली. विहीर खणणारे लोक या खडकाला मांजऱ्या म्हणतात, पुस्तकात कुहरी बेसॉल्ट. आणि हिरव्या रंगाचं म्हणाल तर अजिंठ्याच्या चित्रांत जो हिरवा आहे तो अशाच हिरव्या मातीचा. बेसॉल्टच्या पोकळ्यांतली सेलॅडोनाइटची माती खरवडून वाटली की रंग तयार. तांब्याचा हिरवा वेगळा असतो, निळसर आणि भडक. तुमच्या दगडाचा हिरवा शेवाळी आहे, तो लोहाचा.

आता ‘सडलाय म्हणजे जुना’ याकडे येऊ. हा समज इतका नैसर्गिक आहे की विद्यार्थ्यांनाच काय, अनुभवी स्थापत्य अभियंत्यांनाही सोडत नाही. घरातला पाटा-वरवंटा आठवा. तो घट्ट काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, आणि त्यावर हातोडी मारली तर घंटेसारखा खणखणतो. तुम्ही पाहिलेला सालाझीतला दगड फार फार तर वीस-बावीस लाख वर्षांचा. कारण पितों दे नेजच्या समुद्राबाहेरच्या ज्या सगळ्यात जुन्या लाव्हांचं वय मोजलं गेलं आहे ते साधारण तेवढंच आहे. म्हणजे पाट्याचं वय तीस पटीने जास्त, आणि तब्येत कितीतरी चांगली.

कारण बदल वर्षांवर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे पाणी किती फिरलं, किती गरम होतं, आणि खडकाने त्याला आत येऊ दिलं का, यावर. लाव्हाच्या एका जाड प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, त्यात बुडबुडे नाहीत, फटी कमी. तिथे पाणी शिरत नाही, म्हणून तो ताजा राहतो. त्याच प्रवाहाचा वरचा दोन-तीन मीटरचा भाग जाळीदार, तिथे पाणी मनसोक्त फिरतं. एकाच दिवशी वाहिलेल्या एकाच लाव्हाचा खालचा हात पाटा होतो आणि वरचा हात तुमचा हिरवा भुगा. सह्याद्रीच्या कुठल्याही कड्यात काळे उभे भाग आणि मधले मऊ, गवत उगवलेले उतार आळीपाळीने दिसतात ते याचमुळे.

सालाझीत हे प्रकरण इतकं जोरात का? रियुनियनची रचना बघा. हा ज्वालामुखी चार किलोमीटर खोल समुद्रतळावरून उठलाय आणि पितों दे नेजचा माथा पाण्याच्या वर आणखी ३०७० मीटर आहे. मधोमध लाव्हाला वर येण्याचे रस्ते, त्यांत थिजलेल्या भिंती, शिवाय खोलवर अडकून राहिलेला तप्त रस. म्हणजे खाली शेगडी. वर पाऊस. तो किती, तर २००७च्या फेब्रुवारीत गामेद नावाच्या चक्रीवादळात बेटाच्या उंच भागातल्या कोमेरसों विवरापाशी तीन दिवसांत ३९२९ मिलिमीटर पडला. महाबळेश्वरला सबंध वर्षात साधारण साडेपाच-सहा हजार पडतो, त्यावरून अंदाज करा. शेगडीवर पातेलं, पातेल्यात सतत पाणी, आणि पातेलंच जाळीदार. खडक शिजणार नाही तर काय?

हे नुसतं वर्णन नाही. १९८०च्या दशकात सालाझीत भूगर्भातल्या उष्णतेसाठी दोन किलोमीटरहून खोल बोअर घेतलं तेव्हा तळाशी तापमान दोनशे अंशांच्या आसपास निघालं. शेजारच्या सिलाओस खोऱ्यात कोमट पाण्याचे झरे आजही आहेत, त्यावर स्नानगृह चालतं. सालाझीतल्या हेल-बूर गावातही असे झरे होते, लोक आजारपणात तिथे येऊन राहायचे. १९४८च्या चक्रीवादळानंतर ते गेले.

मग आतला शिजलेला खडक बाहेर कसा आला? तुम्ही ज्या वाटीसारख्या खोऱ्यात उतरलात तसली तीन खोरी या ज्वालामुखीला कोरून झाली आहेत: सालाझी, सिलाओस आणि माफात. फ्रेंचमध्ये त्यांना सिर्क म्हणतात. माफातला अजूनही गाडीरस्ता नाही, लोक पायी जातात, सामान हेलिकॉप्टरने. कड्यांची उंची हजार मीटर आणि त्याहून जास्त. नद्यांनी आणि दरडींनी डोंगराचं पोट उघडं केलंय. ओढ्यात उभं राहून तुम्ही जे पाहिलंत ते एकेकाळी ज्वालामुखीच्या पोटात खोलवर होतं. वर, कड्याच्या माथ्यावर गेलात असता तर त्याच ज्वालामुखीचा काळा, ताजा लाव्हा दिसला असता.

हे ओळखायची एक जुनी आणि अजून न गंजलेली युक्ती आहे. जॉर्ज वॉकर नावाच्या इंग्लिश भूवैज्ञानिकाने १९६०च्या सुमारास पूर्व आइसलंडमध्ये डोंगरामागून डोंगर चढून कुठल्या उंचीवर कुठला झिओलाइट मिळतो याचे नकाशे काढले. त्यात झिओलाइटचे पट्टे दिसले, पण ते लाव्हाच्या थरांना समांतर नव्हते. थर कलले होते आणि पट्टे त्यांना छेदून आडवे जात होते. अर्थ सरळ: थर आधी कलले, बदल नंतर झाला, आणि पट्टे सांगतात ते त्या वेळच्या जमिनीपासूनची खोली. आइसलंडच्या गरम पाण्याच्या बोअरमध्ये पुढे तापमानंही मिळाली. चॅबॅझाइट मिळाला तर पाणी साधारण ७५ अंशांच्या आतलं, स्कोलेसाइट-मेसोलाइट ७० ते ९० च्या घरात, लॉमोंटाइट आला की ११० ओलांडले, आणि चिकणमातीच्या जागी निखळ क्लोराइट दिसू लागला की २३०च्या पुढे. म्हणजे पांढरा ठिपका हा थर्मामीटर आहे, फक्त त्याचं नाव नीट ओळखता आलं पाहिजे. तुमच्या फोटोवरून मला ते ओळखता येत नाही. सुयांसारखे धागे दिसले तर एक, चौकोनी ठोकळे दिसले तर दुसरं, पण खात्रीसाठी क्ष-किरण विवर्तनाची चाचणी लागते. पांढरं कॅल्साइट आहे का एवढं मात्र घरी कळतं: लिंबाचा रस पुरत नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की कॅल्साइट चर्रर्र करून फेसाळतं, झिओलाइट गप्प बसतो.

आता भाऊबंदकी. दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आले. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या चुंबकीय दिशेत कुलूपबंद होतात, आणि दख्खनच्या खडकांतलं ते कुलूप उघडलं की जागा निघते साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशाची. त्यानंतर भारत वेगाने उत्तरेला सरकत गेला आणि खालचा तप्त स्रोत मागे राहिला, असा प्रचलित विचार आहे. त्याची वाट समुद्राखाली दिसते: लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी सलग कड, मग मस्कारीन पठार, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. १९८७ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने या वाटेवर ठिकठिकाणी समुद्रतळ भोकसून बेसॉल्ट वर काढला. मालदीवजवळ वय आलं ५.७ कोटी वर्षांच्या आसपास, चागोसजवळ ४.९, मस्कारीन पठारावर ३.३. मॉरिशसचे जुने लाव्हा ८०-९० लाख वर्षांचे, रियुनियन वीस लाखांचं. दक्षिणेला जावं तसं वय उतरत जातं. याला मी पुरावा म्हणतो.

तरीही सगळे सांधे घट्ट बसत नाहीत. दख्खनची जागा येते ३० अंश दक्षिण आणि रियुनियन आहे २१ वर. मग तप्त स्रोतच थोडा सरकला असेल, की पृथ्वीचं सबंध कवच फिरलं असेल, यावर वाद आहेत. खोलातून उठणारा असा एकच स्रोत होता हेच न मानणारेही अभ्यासू लोक आहेत, आपल्याकडेही आहेत. मी स्वतः नातं मानणाऱ्यांत आहे, पण वाटाड्या म्हणतो तसं ‘एकाच ज्वालामुखीचं’ असं म्हणणार नाही. ज्वालामुखी वेगवेगळे, फार तर चूल एक. आणि पदार्थही पुरता तसाच नाही: दख्खनचे लाव्हा जाड खंडीय कवचातून वर आले, वाटेत त्याचा अंश घेऊन आले. रियुनियनचा लाव्हा समुद्राच्या पातळ कवचातून थेट आलाय. महाबळेश्वराजवळ आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखला जाणारा जो थरसमूह आहे त्यात ही भेसळ सगळ्यात कमी, म्हणून तुलना करायची तर तो घ्यावा लागतो. ताम्हिणीतला दिसेल तो दगड घेऊन चालत नाही.

आणि आता तुमच्या युक्तिवादाची खरी परीक्षा. रियुनियनच्याच बंदरातून ‘मारियों द्युफ्रेन’ नावाचं जहाज दक्षिणेला केर्गेलेनला जातं. ४९ अंश दक्षिण अक्षांश, कायमची वस्ती नाही, विमानतळ नाही, वारा अखंड. केर्गेलेन या फ्रेंच खलाशाने ते १७७२ साली पाहिलं. १७७६च्या डिसेंबरात कॅप्टन कुक तिथे पोचला आणि त्याला ते इतकं उजाड वाटलं की उजाडीचंच बेट म्हणावं. तिथले लाव्हा दोन-अडीच ते तीन कोटी वर्षांचे, थरावर थर, लांबून पाहिलं तर सह्याद्रीच्या पायऱ्या. आणि त्यांच्या बुडबुड्यांत? हिरवा लेप, आत पांढरा झिओलाइट. दिसायला पुन्हा आपलाच दगड. पण केर्गेलेनचा तप्त स्रोत दख्खनचा नाही. त्याची भारताशी सोयरीक जोडतात ती झारखंडमधल्या राजमहालच्या, साधारण ११.८ कोटी वर्षांच्या लाव्हांशी. म्हणजे ‘दिसायला सारखा म्हणून नातलग’ हा नियम लावला तर केर्गेलेन, आइसलंड, दख्खन, रियुनियन सगळे एका कुटुंबात येतील. येत नाहीत. बेसॉल्ट आणि गरम पाणी जिथे भेटेल तिथे हीच खनिजं होतात, लाव्हा कुणाचाही असो.

उलट बदललेला खडक नातं शोधायला सगळ्यात वाईट साक्षीदार. याचा चटका मी स्वतः खाल्लाय. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका लाव्हाचं वय काढायला नमुने पाठवायचे होते. पाऊस, उशीर, जीपवाला घाई करत होता. घट्ट भागापर्यंत चढायला तासभर लागला असता, म्हणून मी रस्त्यालगतच्या हिरवट भागातून चार तुकडे काढले. प्रयोगशाळेतून जे वय आलं ते इतकं कमी, की वरच्या थराचं वय खालच्यापेक्षा जास्त ठरत होतं. माझ्या वरिष्ठांनी अहवाल वाचला, काही बोलले नाहीत, फक्त तुकड्यातला एक उचलून नखाने खरवडला आणि माझ्या टेबलावर हिरवी भुकटी ठेवून गेले. झालं होतं असं: पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत पोटॅशियमपासून हळूहळू साचलेला आर्गॉन मोजतात. सेलॅडोनाइटमध्ये पोटॅशियम भरपूर, आणि ते नंतर आलेलं. आर्गॉन बिचारा बदलाच्या वेळी निसटलेला. हिशेबात भांडवल वाढलं, व्याज बुडालं, आणि वय घसरलं. म्हणून आता नमुना घेताना पहिला प्रश्न ‘कुठला लाव्हा’ हा नसतो, ‘किती ताजा’ हा असतो. प्रयोगशाळेत नमुना तापवून किती वजन घटतं ते बघतात. ताज्या बेसॉल्टचं टक्का-दोन टक्के, तुमच्यासारख्या दगडाचं त्याच्या कित्येक पट, कारण मातीत आणि झिओलाइटमध्ये पाणी असतं.

बदललेल्या खडकातून मूळ लाव्हाविषयी काहीच कळत नाही असं नाही. पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम ही फिरती मंडळी, पाण्याबरोबर येतात-जातात, त्यांच्यावर भरवसा नाही. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, इट्रियम ही घर न सोडणारी. त्यांची आपसांतली प्रमाणं बऱ्याच बदलानंतरही टिकतात. म्हणून वंशावळ शोधायची तर त्यांना विचारायचं. रंगाला नाही, ठिपक्यांना नाही.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी, दगड हिरवा असला काय नि काळा असला काय. आमच्या धंद्यात तसं नसतं. एका बोगद्याच्या कामावर आम्ही कोअर काढले, ओले असताना झकास, काळे-हिरवे, सलग. खोक्यांत भरून शेडमध्ये ठेवले. एप्रिल-मे गेला. जूनमध्ये एक खोकं उघडलं तर त्यातल्या हिरवट तुकड्यांच्या जागी वाळलेल्या चिखलाच्या चकत्या आणि पोह्यासारखा चुरा. शेजारचा काळा कोअर जसाच्या तसा. फुगणारी चिकणमाती वाळली, आक्रसली, पुन्हा दमट हवा लागली, फुगली, आणि दगड आतून फाटत गेला. बोगद्यात असा पट्टा उघडा पडला की त्याच दिवशी शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने मारायचं काँक्रीट, मारावं लागतं. पुढच्या आठवड्यावर टाकलं तर छतातून खडे पडायला लागतात.

रियुनियनच्या डोंगरात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. पोट मऊ, डोकं जड, पाऊस अफाट. १८७५च्या नोव्हेंबरात सालाझीतली ग्रां साब्ल ही वस्ती डोंगर कोसळून गाडली गेली, ६३ माणसं गेली. प्रत्येक दरडीला बदललेला खडकच कारण असतो असं मी म्हणणार नाही, उतार, भेगा, पाण्याचा दाब हे सगळं असतं. पण तुमच्या बोटांनी जो कोपरा मोडला, त्याचे हजार मीटर उंचीचे कडे कल्पनेत आणा.

तुम्ही दगड बरोबर आणला का हे लिहिलं नाहीत. आणला नसेल तर उत्तम. बेटाचा जवळपास चाळीस टक्के भाग २००७पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१०पासून जागतिक वारसा यादीतही, आणि तिथून खडे उचलणं बरं नव्हे. असले दगड जवळून बघायचे तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे आपल्याच खडकातले स्कोलेसाइट आणि स्टिल्बाइट काचेमागे ठेवलेत. किंवा ताम्हिणीतच पुन्हा जा, भिंग आणि सुरी घेऊन. एका कापात खालून वर चालत या: आधी खणखणीत काळा, मग बुडबुडे सुरू, मग हिरवट, मग तांबडी मातीची रेघ, आणि तिच्यावर पुढच्या लाव्हाचा पाय. तांबडी रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधली उघड्यावरची विश्रांती, तीही बदलच, पण हवेतला आणि थंड पाण्याचा. तो विषय वेगळा.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. चौथ्या फोटोत, डाव्या बाजूला, हिरव्या दगडाला छेदून जाणारी हातभर रुंदीची एक काळी उभी पट्टी दिसते. ती थिजलेल्या लाव्हाची भिंत असावी असं वाटतं. ती ताजी असेल आणि बाजूचा खडक बदललेला असेल तर ती बदलानंतर घुसली, म्हणजे शेगडी दुसऱ्यांदा पेटली. तीही हिरवट असेल तर उलट. फोन मोठा करून बघितलं, पण पट्टीच्या कडेवर नेमकी तुमची सावली पडलीये. त्याच जागेचा दुसरा फोटो असेल तर टाका.